शिमग्यात नडग्या मोजायला

रत्नागिरीला जाऊन आले म्हटलं की जो तो दोनच गोष्टी विचारतो. समुद्र कसा होता, आणि आंबे आणलेस का? समुद्र मी दोनदा बघितला, दोन्ही वेळा गाडीच्या काचेतून. आंबे अजून झाडावर, मुठीएवढे हिरवेगार. मी चार दिवस तिथे बघितल्या त्या माणसांच्या नडग्या. गुडघ्याखालचं, पुढच्या बाजूचं ते हाड. एवढ्या निसर्गरम्य ठिकाणी जाऊन कुणी नडग्या बघतं का, असं माझ्या बहिणीने विचारलं. बघतं बाई. आणि त्याचा पगारही मिळतो.

कामगारांच्या अंगात कामाच्या जागेवरून काय काय शिरतं ते मोजायचं, हा आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेचा उद्योग. या वेळी शिसं होतं. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवणारा एक छोटा कारखाना, आणि त्यात वीस-वीस वर्षं भट्टीवर उभे राहिलेले लोक. शिसं अंगात किती गेलं हे बघायला साधारणपणे रक्त तपासतात. पण रक्तातलं शिसं महिना-दीड महिन्यात निम्मं होतं. ते कुठे जातं? थोडं बाहेर, आणि बरंचसं हाडात. शरीर बिचारं भोळं, त्याला शिसं कॅल्शियमसारखं वाटतं, आणि ते त्याला हाडात नेऊन जपून ठेवतं. तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. म्हणून ज्याला जन्मभराचा हिशेब हवा त्याने हाड बघावं. त्यासाठी आमच्याकडे एक यंत्र आहे, भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलसारखं दिसणारं. ते नडगीवर टेकवायचं, तीन-चार मिनिटं हलायचं नाही, क्ष-किरण आत जातात आणि हाडातलं शिसं किती ते पडद्यावर येतं. टोचणं नाही, कापणं नाही.

सांगायला सोपं आहे. आता पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका.

कुलूप

सकाळी नऊ वाजता आम्ही कारखान्याच्या फाटकाशी पोचलो. मी, माझं यंत्र, आणि पथकातला डॉक्टर समीर. फाटकाला कुलूप. आत एक कुत्रं आणि एक वॉचमन, दोघेही निवांत.

"कोण नाही का?"

"शिमगा ना, म्याडम," वॉचमन म्हणाला. पुण्याच्या माणसांना एवढंही कळत नाही याचं त्याला खरंच वाईट वाटलं असावं.

मी समीरकडे वळले. समीर मंडणगडचा, म्हणजे याच जिल्ह्याचा, अगदी वरच्या टोकाचा. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. "तू कोकणातला ना रे? सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. मेल केला होता. तुम्हीच उत्तर लिहिलंत, 'सणांचं नंतर बघू.'"

मी सोलापूरची. आमच्याकडे होळी एक दिवस, रंग एक दिवस, तिसऱ्या दिवशी माणूस कामावर. इथे शिमगा म्हणजे पंधरवडा. ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघते, गावातल्या सहाणेवर, म्हणजे तिच्यासाठीच बांधलेल्या दगडी चौथऱ्यावर येऊन बसते, घरोघर फिरते. मुंबईला गेलेला प्रत्येक माणूस त्या दिवसांत गावात असतो. नोकरी गेली तरी चालेल, शिमगा चुकता कामा नये. हे सगळं समीरने मला गाडीत सांगितलं, हसू दाबत. मला माझाच राग आला होता, म्हणून मी त्याच्यावर ओरडले.

कारखान्याचे सुपरवायझर मात्र भला माणूस. फोनवरच म्हणाले, "भट्टीवरचे बहुतेक सगळे एकाच गावचे आहेत, म्याडम. गावातच जा ना. शाळा रिकामी आहे. मी सांगून ठेवतो." त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही, आणि पुढे येणाऱ्या माणसांची नावंही मी बदलली आहेत. पावसला जाणारा रस्ता सोडून आत वळायचं, एवढंच सांगते.

तो रस्ता मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही बाजूला कातळ, काळा-तांबडा, मैलभर उघडा. त्यावर मार्च महिन्यात गवताची काडी नाही. आणि एकदम उतार लागतो आणि खाली हिरवीगार आंब्याची कलमं, कडेला माड. वरून बघितलं तर इथे काही उगवेल असं वाटत नाही. आमच्याकडची काळी जमीन दाखवते ते सगळं वर. इथली जमीन सगळं पोटात ठेवून बसलेली.

यंत्राला नमस्कार

शाळेच्या पडवीत आम्ही टेबल मांडलं. मला वाटलं होतं, सणाच्या दिवशी कोण येणार? तर दहाच्या आत भट्टीवरचे अकरा जण हजर. आंघोळ केलेले, धुतलेले शर्ट, एकाच्या कपाळाला गुलाल. गावभर ढोल वाजत होता आणि हे लोक रांगेत शांत बसलेले.

मी समजावून सांगितलं, सह्या घेतल्या. क्ष-किरण बाजूला जाऊ नयेत म्हणून आम्ही शिशाचा पत्रा आडवा लावतो. तो बघून एक जण म्हणाला, "शिसं मोजायला शिसंच लागतं काय?" सगळे हसले आणि पडवी मोकळी झाली.

अडचण वेगळीच आली. बाईमाणसासमोर पाय पुढे करायचा म्हणजे त्यांना संकट. पहिल्या माणसाने पाय स्टुलावर ठेवला तो जणू दुसऱ्याचा पाय ठेवतोय असा, मान फिरवून. मोजणी झाली. त्याने पाय खाली घेतला, यंत्राकडे वळला, उजव्या हाताची बोटं यंत्राला लावली आणि कपाळाला नेली. पाय लागला ना. पुस्तकाला लागला तर आपण करतो तसंच. मला ते इतकं आवडलं की मी काही बोललेच नाही. दुसऱ्यानेही केलं. तिसऱ्यानेही.

आवडलं तरी बोलायला हवं होतं. यंत्राच्या तोंडाशी, जिथे ते हाडाला टेकतं तिथे, एक पातळ पापुद्रा असतो. कांद्याच्या सालीसारखा. चौथ्या माणसाने मनापासून नमस्कार केला, बरोबर त्याच जागी, आणि आंघोळीनंतर बोटांना लागलेल्या खोबरेल तेलासकट त्याचा अंगठा पापुद्र्यातून आत.

"अरे देवा! काय केलंत हे?" मी ओरडले. तो माणूस पांढराफटक पडला. चाळिशीचा बाप्या, भट्टीवर शिशाचा रस ढवळणारा, हात जोडून उभा. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! आतला नाजूक भाग वाचला होता हे नशीब. जोडीला आणलेला पापुद्रा बसवायचा, मग यंत्र पुन्हा ताळ्यावर आहे का ते बघायचं. त्यासाठी ठरावीक शिसं मिसळलेल्या प्लास्टरच्या कांड्या असतात, त्या मोजून बघायच्या. दुपार गेली त्यात. पण एकही माणूस उठून गेला नाही. दुपारनंतर मी पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्यांनीच आपापसात ठरवून टाकलं होतं. नमस्कार यंत्राच्या पेटीला करायचा, यंत्राला नाही. उरलेले सगळे पेटीच्या पाया पडले. पुण्याला परतल्यावर ती पेटी मी अजून पायाने सरकवलेली नाही.

सुलूवैनी

जेवणाची सोय शाळेशेजारच्या घरात होती. घर दत्तारामचं. दत्ताराम पन्नाशीचा, त्याच भट्टीवर तेवीस वर्षं. वाढायला त्याची बायको सुलभा, गाव तिला सुलूवैनी म्हणतं. ओल्या काजूची उसळ, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सोलकढी. मी आयुष्यभर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्लेली बाई. तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं अन्न अशी माझी समजूत होती. ती पहिल्या घासाला गेली. तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीला नको म्हणताना मन खट्टू झालं.

दत्ताराम आमच्याबरोबर जेवत होता, डाव्या हाताने. उजवा हात मांडीवर. मला वाटलं डावखुरा असेल. मग पाण्याचा तांब्या उचलताना त्याचा उजवा हात बघितला. तांब्या धरला, पण उचलताना मनगट खाली लोंबलं, जणू त्यात हाडच नाही. त्याने पटकन डाव्याने आधार दिला. समीरनेही बघितलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि जेवत राहिलो.

बाहेर ढोल वाजत होता. पालखी दोन घरं पलीकडे आली होती. सगळं गाव तिथे आणि घरचा कर्ता पुरुष इथे भाकरी चिवडत बसलेला. माझं तोंड गप्प बसत नाही.

"तुम्ही जात नाही का पालखीला?"

दत्ताराम उठला, हात धुतले आणि मागच्या दारी गेला. मी जीभ चावली. सुलूवैनी तव्याशी बसली होती. तिने भाकरी उलथली आणि तव्याकडेच बघत सांगितलं.

"दोन वर्सांमागं पालखी नाचवताना ह्यांच्या हातनं निसटली. वाकडी झाली, देवीचा रुपा जमिनीला टेकायचा तो दुसऱ्यांनी धरलानी म्हणून वाचला. आमचे मानकरी, शांतारामतात्या, सगळ्यांसमोर बोललानी, दारू पिऊन देवीला हात लावतंस? आता म्याडम, ह्यांनी जन्मात थेंब घेतलेला नाय. पण हात थरथरत होता ना. कोण इश्वास ठेवील? तवापास्नं हे सहाणेवर गेले नायत."

पालखी नाचवणं म्हणजे काय हे मी दुसऱ्या दिवशी बघितलं म्हणून मला त्याचा अर्थ कळला. लाकडी पालखी, आत देवीचे चांदीचे मुखवटे (सुलूवैनीचा 'रुपा' तो हाच), आणि चार माणसं ती दांडे धरून उडवतात, फिरवतात, डोक्यावर घेतात, गुडघ्यावर घेतात, ढोलाच्या तालावर. सगळा खेळ मनगटाचा. त्यात हात सुटणं म्हणजे साध्या चुकीपलीकडचं. आणि दारू पिऊन सुटणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही.

"डॉक्टरला नाही दाखवलंत?"

"कारखान्याची तपासणी होते दर वर्साला. सगळं बरोबर हाय म्हणून लिवून देतात. मग लोक म्हणतात, शिशाचं असतं तर रिपोर्टात आलं नसतं?" ती उठली आणि फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. रेशनकार्ड, लाइटची बिलं, आणि खाली नीट घडी घालून तपासणीचे कागद. तेवीस वर्षांतले बरेचसे. शिकलेली सातवीपर्यंत, पण एक कागद हरवलेला नाही. आमच्या प्रयोगशाळेत तिला ठेवावं असं मला वाटलं, खोटं नाही सांगत.

मी कागद चाळले. रक्तातलं शिसं, दर वर्षी, मर्यादेच्या आत. काही वर्षं काठावर, पण आत. समीर दत्तारामला मागच्या दारी तपासत होता, मनगट वर उचला, बोटं ताठ करा. मी तारखा बघत होते. जून. जून. जून. पुन्हा जून.

"हे सगळे जूनचेच कसे?"

"आंबा झाला का तपासणी," सुलूवैनी म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय आहे हे तिला कळेना. "एप्रिल-मे भट्टी बंदच असते. सगळे पुरुष पावसच्या बागांत जातात, आंबा काढायला. दोन महिने. परत आले का कामावर जायच्या आधी तपासून घेतात. सगळे एका दिवशी सापडतात ना."

मी कपाळावर हात मारला. चांगला आवाज आला.

म्हणजे दहा महिने हा माणूस शिशाच्या धुरात उभा. मग दोन महिने आंब्याच्या झाडावर, मोकळ्या हवेत. तेवढ्यात रक्तातलं शिसं उतरलेलं. आणि नेमकं तेव्हा रक्त काढायचं! कुणी कट केला नव्हता. सुपरवायझरला सोयीचं, कामगारांनाही सोयीचं, सगळे हजर, अंगं तरतरीत. सगळ्यांच्या चांगुलपणातून तेवीस वर्षं चुकीचं उत्तर येत होतं. आणि ते कागद कारखान्याकडून ज्या डॉक्टरकडे जात, त्याला आंब्याचं काय ठाऊक? मला तरी कुठे ठाऊक होतं? मी तर शिमग्याचंही नंतर बघणार होते.

हे मी सुलूवैनीला समजावायला गेले. रक्त, हाड, निम्मं होणं. तिने मला अर्ध्यात थांबवलं.

"म्हणजे म्याडम, मे महिन्यात पऱ्या आटला म्हणून पावसाळ्यात पाऊस पडलाच नाय म्हणायचा? पाणी कातळात मुरलेलं असतं. खाली विहिरीत बघावं."

पऱ्या म्हणजे तिकडचा ओढा. मी पंचवीस वर्षं हे काम करते. परिषदांत, वर्गात, सरकारी कचेऱ्यांत मी हे समजावलेलं आहे, चित्रं काढून. इतक्या कमी शब्दांत मला कधी जमलं नाही. मी तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "असू दे. ताक घ्याल काय?"

दोन नडग्या

दुसऱ्या दिवशी दत्ताराम आला, आदल्या दिवशी राहिलेल्यांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी. मी नडगी स्पिरिटने पुसली, दोनदा, कातडीवरचं शिसं मोजलं जाऊ नये म्हणून. यंत्र टेकवलं. चार मिनिटं तो हलला नाही. पडद्यावरचा आकडा बघून मी पुन्हा पुसलं, पुन्हा मोजलं. दुसऱ्या पायाचंही मोजलं. तिन्ही वेळा तेच.

आकडा मी इथे देत नाही. तो माझा नाही. एवढंच सांगते की त्या दोन दिवसांत बघितलेल्या सगळ्या नडग्यांत तो सर्वांत वरचा होता.

आमचा नियम असा की अंदाजी आकडा त्या माणसाला त्याच दिवशी सांगायचा, एकट्याला, आणि पक्का अहवाल मागाहून पाठवायचा. मी दत्तारामला वर्गात नेलं, फळ्यावर कुणीतरी 'शिमग्याच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलेलं. मी सांगितलं. समीरने मनगटाचं सांगितलं. शिसं फार वर्षं अंगात जात राहिलं की मनगट उचलणाऱ्या नसा दुबळ्या होतात, तसंच इथे दिसतंय. हाडात बसलेलं सहज काढता येत नाही, पण नवं जाऊ द्यायचं नाही, भट्टी सोडायची, नसांची तपासणी आणि उपचार रत्नागिरीत करायचे, त्यासाठी चिठ्ठी देतो.

मला वाटलं तो घाबरेल. लोक घाबरतात, रडतात, चिडतात. तो बाकावर बसला होता, मुलांच्या बुटक्या बाकावर, गुडघे छातीशी. त्याने एवढंच विचारलं.

"मी त्या दिवशी पिऊन नव्हतो, हे त्यात येतं काय?"

काय सांगू तुम्हाला. माणसाच्या हाडात तेवीस वर्षांचं विष निघालं आणि त्याला हवी होती ती एवढीच गोष्ट. मी खोटं बोलू शकत नव्हते. "ते या यंत्राला कळत नाही, दत्ताराम. यंत्राला फक्त शिसं कळतं."

त्याने गुडघ्याशी दुमडलेली पँट खाली ओढली. मग म्हणाला, "चालेल. शिसं तर शिसं."

दुपारी तुलनेसाठी नडग्या मोजायच्या होत्या. म्हणजे कधीही कारखान्यात न गेलेले, पण त्याच गावचे, तेच पाणी पिणारे, साधारण त्याच वयाचे लोक. त्याशिवाय आमच्या आकड्यांना काही अर्थ नसतो. मला भीती होती की कुणी येणार नाही. पहिला आला तो शांतारामतात्या. साठीच्या आसपासचा, काटक, डोक्याला फेटा, जन्मभर शेती आणि कलमं केलेला. मला त्याचा आधीच राग आलेला होता. मी त्याच्याशी जरा तुटकच वागले.

"गावातला मोठा माणूस आधी बसला का बाकीचे बसतात," तो म्हणाला आणि पाय पुढे केला. आणि खरंच, त्याच्यामागे रांग लागली. पेटीला त्यानेही नमस्कार केला. जाताना पायरीवर थांबला. "भट्टीवरच्या पोरांना काय सापडलं, वाईट काय?"

"एकाचं दुसऱ्याला सांगत नाही आम्ही."

"बरोबर हाय," तो म्हणाला. थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. माझा राग थोडा कमी झाला. अर्धाच.

सहाणेवर

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघणार होतो. सुपरवायझर स्वतः गावात आले होते. मी त्यांना जूनचं गणित सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच इतकी वर्षं..." असं म्हणून ते थांबले. मग त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं, तपासणी आता आंब्याला जायच्या आधी, आणि दत्ताराम (त्याला विचारूनच मी त्याचं सांगितलं होतं) भट्टीवर जाणार नाही. मी ते कागदावर घेतलं. मी कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबत नाही, भला माणूस असला तरी.

सहाणेवर पालखी बसलेली. सगळं गाव जमलेलं, कडेला मुंबईहून आलेली मंडळी मोबाइल वर धरून. आम्ही दर्शन घेऊन निघावं म्हणून थांबलो. शांतारामतात्याने देवीला गाऱ्हाणं घातलं, गावाला सुखी ठेव, पोराबाळांना सांभाळ, आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाला काय सांगायचं हाय काय?

"मला सांगायचं हाय."

मागून दत्ताराम पुढे आला. दोन वर्षांनी. लोकांनी वाट दिली. मी सुलूवैनीकडे बघितलं, तिला काही माहीत नव्हतं. ती पदर तोंडात धरून उभी.

दत्ताराम माझ्याकडे वळला. "म्याडम, माझा आकडा वाचा."

"दत्ताराम, असं चारचौघांत आम्ही..."

"हाड माझं, आकडा माझा. मी सांगतंय, वाचा."

मी समीरकडे बघितलं. त्याने मान डोलावली. मी वही काढली आणि वाचला. लोकांना आकड्यातून काय कळणार? कुणीतरी म्हणालं, म्हणजे जास्त का कमी?

तेव्हा शांतारामतात्या बोलला. "माझा पण वाचा. सगळ्यांसमोर."

मी वाचला. तात्याच्या हाडात शिसं यंत्राला दिसेल न दिसेल इतकं होतं. ते मी सांगितलं. मग मी तेही सांगितलं जे दत्तारामला सांगितलं होतं, की हे यंत्र दारूचं काहीच सांगत नाही. प्रामाणिकपणाची खोड आहे मला, नको तिथेही जात नाही. समीरने दत्तारामचा हात हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा, आणि म्हणाला, "मनगट वर करा." हात लोंबत राहिला. "हा माणूस या क्षणी प्यायलेला आहे का?" समीरने विचारलं. "नाही. हात बघा. शिशाने अशाच नसा जातात. मी डॉक्टर म्हणून सांगतो."

ढोलवाल्याने टिपरू खाली ठेवलं. तात्या तो हात बघत होता. मग त्याने डोक्यावरचा फेटा काढला, काखेत धरला.

"दोन वर्सं मी तुला बोललो," तो म्हणाला. "देवीसमोर बोललो. चुकलो, दत्तू."

दत्तारामने मान खाली घातली. डोळे पुसायला त्याने डावा हात वापरला. माझेही डोळे भरले, आणि समीर तर सरळ दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. भट्टीवरची माणसं एकमेकांकडे बघत होती. त्यातला एक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्याडम, माझा पण कागद समजावून सांगा. मनगट बरं हाय, पण सांगा."

तात्याने फेटा पुन्हा बांधला. पालखी पुढच्या वाडीत न्यायची होती. तीन जण दांड्यापाशी येऊन उभे राहिले. चौथी जागा रिकामी.

"ये," तात्या म्हणाला.

"मनगट चालत नाय तात्या. परत निसटेल."

"नाचवायची कुठं हाय? न्यायची हाय. नाचवायला मनगट लागतं, न्यायला खांदा लागतो. ये पुढं."

दत्ताराम पुढे झाला. वाकला, दांड्याखाली खांदा दिला, आणि चौघे एकदम उठले. ढोल सुरू झाला. उजवा हात त्याने दांड्यावर नुसता ठेवला होता. पालखी सहाणेवरून उतरली आणि कातळावरच्या पायवाटेने वाडीकडे निघाली. सगळं गाव मागे. सुलूवैनी माझ्या शेजारून हलली नाही. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दोन दिवस वळ राहिला.

"माझ्या डोळ्याला दिसत नाय आता काय," ती म्हणाली, कारण डोळ्यांत पाणी होतं. "सरळ चाललीय ना गो, म्याडम?"

मी टाचा उंच करून बघितलं.

"सरळ चाललीय," मी म्हटलं. "अगदी सरळ."